यकृतावरचे वण आणि न झालेला भागाकार

कावीळ म्हटली की आपल्या भागात डोळ्यांपुढे उभी राहते ती पिवळी पडलेली नजर, बिनतेलाचे पथ्य, उसाचा रस आणि कावीळ 'उतरवून' देणारा कोणीतरी जाणता. चुन्याच्या पाण्यात हात धुवून घ्यायचे, पाणी पिवळे झाले की रोग उतरला असे समजायचे, ही रीत सातारा-सांगलीच्या खेड्यांतून अद्याप पुरती गेलेली नाही. रोगी महिना-दीड महिन्यात बरा होतो आणि श्रेय उताऱ्याला मिळते. वस्तुतः दूषित पाण्यावाटे येणारी 'ए' आणि 'ई' या विषाणूंची कावीळ बहुतेक रोग्यांत आपली आपणच ओसरते. अर्थात तीही क्षुल्लक नव्हे. २०१२ मध्ये इचलकरंजीत 'ई' विषाणूची साथ आली तेव्हा ती किती गंभीर होऊ शकते याचा अनुभव आपण घेतला आहे. तथापि ती दिसते, तिची बातमी होते, नगरपालिकेला जाब विचारला जातो.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो न दिसणाऱ्या काविळीचा. 'बी' आणि 'सी' हे विषाणू रक्तावाटे शिरतात. 'बी' तर प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडेही जातो. न उकळलेली सुई, तपासणीविना दिलेले रक्त, न्हाव्याचा वस्तरा, जत्रेतील गोंदण, हे त्यांचे परिचित मार्ग. ज्यांच्या शरीरात ते मुक्काम करतात त्यांपैकी पुष्कळांचे डोळे कधीच पिवळे होत नाहीत. माणूस कामावर जातो, शेत नांगरतो, वारीला चालतो. आणि वीस-वीस वर्षे त्याच्या यकृतावर वणांमागून वण धरत असतात.

एका फाइलीची हकीकत

आमच्या महाविद्यालयातील एका लिपिकाची हकीकत त्यांच्या संमतीने, पण नाव न देता, येथे सांगतो. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी रक्तदान शिबिरात रक्त दिले. काही दिवसांनी 'तुमचे रक्त चालणार नाही, कावीळ बी निघाली आहे' एवढा निरोप त्यांना मिळाला. पुढे काय करायचे, कोणाकडे जायचे, हे कोणी सांगितले नाही. डोळे पिवळे नव्हते, भूक चांगली होती; त्यांनीही विषय सोडून दिला. मधल्या वर्षांत ताप, पोटदुखी, विम्याची तपासणी अशा निमित्तांनी रक्ताचे अहवाल होत गेले आणि लिपिकाच्या सवयीने त्यांनी ते सारे तारखेवार एका फाइलीत लावून ठेवले. बावन्नाव्या वर्षी एका पहाटे त्यांना रक्ताची उलटी झाली. अन्ननलिकेतील फुगलेली शीर फुटली होती. निदान झाले सिरॉसिसचे, म्हणजे वणांनी यकृत कठीण होण्याच्या शेवटच्या अवस्थेचे.

ते बचावले. पुढे त्यांच्या घरी बसून ती फाइल चाळताना त्यांच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीचा एक अहवाल हाती आला. त्यात काय होते आणि त्यावरून काय कळू शकले असते, हाच या लेखाचा गाभा आहे. तेथे येण्यापूर्वी प्रश्नाचा आवाका पाहणे इष्ट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतात 'बी' विषाणूचा दीर्घकालीन संसर्ग असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख आणि 'सी' चा संसर्ग असलेले सुमारे ५५ लाख लोक होते. जगात त्या एका वर्षात या काविळींनी सुमारे १३ लाख बळी घेतले. 'बी' ची बाधा असलेल्यांपैकी जगभरात जेमतेम १३ टक्क्यांना आपल्या बाधेची जाणीव होती आणि औषधोपचार मिळत होता तो अवघ्या ३ टक्क्यांना. 'बी' ची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात २००२-०३ मध्ये मोजक्या ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात आली आणि देशभर पोहोचायला २०११ साल उजाडले. म्हणजे आज ज्यांच्या खांद्यावर संसार आहेत त्या पिढीला बालपणी या लसीचे संरक्षण मिळालेलेच नाही.

हा केवळ गरिबाचा रोग आहे असेही नाही. १९८२ मध्ये 'कुली' च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जबर जखमी झाले. मुंबईत त्यांच्यावर उपचार झाले तेव्हा त्यांना अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले. त्या रक्तातून 'बी' विषाणू शरीरात आला, तो कित्येक वर्षांनी एका तपासणीत उघड झाला आणि तोवर यकृताचा सुमारे पाऊण भाग निकामी झाला होता, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना आग्नेय आशियासाठी या रोगाविषयीचे सदिच्छादूत नेमले. उत्तमोत्तम वैद्यकीय सेवा ज्यांच्या हाताशी होती त्यांच्या बाबतीत यकृत इतकी वर्षे मौन राखू शकले, तर लोणंदच्या बाजारात हमाली करणाऱ्याच्या बाबतीत ते किती काळ राखेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

कांद्याची परीक्षा

विषाणू सापडल्यावर खरा प्रश्न उरतो तो यकृतावर वण किती धरले आहेत हा. 'सी' चे औषध आज बहुतेक सर्व बाधितांना द्यावे असे ठरले आहे आणि बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. परंतु सिरॉसिस झाला असेल तर औषधांची निवड बदलू शकते आणि विषाणू गेल्यावरही कर्करोगासाठी लक्ष ठेवावे लागते. 'बी' चा विषाणू बहुधा समूळ जात नाही. टेनोफोव्हिरसारखी गोळी त्याला दाबून ठेवते. ती कोणाला सुरू करायची हे ठरवताना वणांची मोजदाद हा एक प्रमुख आधार असतो.

ही मोजदाद पूर्वी एकाच मार्गाने होई. पोटातून सुई घालून यकृताचा बारीक तुकडा काढायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून शून्य ते चार अशी पायरी ठरवायची. हा तुकडा असतो संपूर्ण यकृताच्या सुमारे पन्नास हजारांश. आमच्या लोणंदच्या बाजारात कांद्याचा व्यापारी ढिगातील दोन-चार कांदे उचलून, दाबून, वास घेऊन साऱ्या ढिगाचा भाव बोलतो. तो सहसा चुकत नाही, कारण ढीग पुष्कळसा एकसारखा असतो आणि शंका आली तर आणखी चार कांदे उचलता येतात. यकृतातील वण मात्र सर्वत्र सारखे पसरलेले नसतात आणि सुई वारंवार घालता येत नाही. नमुना पाहणीचे शास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे ताबडतोब पटते की, ज्या परीक्षेला आपण अंतिम मानत आलो तिच्यातही नमुन्याची चूक दडलेली आहे. शिवाय सुईने रक्तस्राव होण्याचा थोडासा का होईना धोका, रुग्णालयातील दिवस, बुडालेली मजुरी आणि तो तुकडा वाचू शकणाऱ्या तज्ज्ञाची वानवा, हे सारे आहेच. यकृताचा ताठपणा बाहेरून मोजणारे फायब्रोस्कॅन हे यंत्र उपयुक्त खरे, पण ते कैक लाखांचे आहे आणि तालुक्याच्या गावी त्याची अपेक्षा आज तरी करता येत नाही.

रक्तातील निर्देशांक

येथे रक्तातील खुणांचा उपयोग होतो. यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांतील एएसटी आणि एएलटी ही द्रव्ये रक्तात उतरतात. पुष्कळ अहवालांवर त्यांची जुनी नावे एसजीओटी आणि एसजीपीटी अशी असतात. दुसरीकडे, वणांमुळे यकृतातून रक्त वाहण्यास अडथळा होतो, त्याचा दाब मागे प्लीहेवर येतो, ती फुगते आणि रक्तातील प्लेटलेट आपल्यात अडकवून ठेवते. प्लेटलेट तयार करण्याची आज्ञा देणारे द्रव्यही यकृतातच बनते. तेही कमी पडते. म्हणून वण वाढत जातात तसतशा प्लेटलेट घटत जातात. यातील एकेक आकडा स्वतंत्रपणे फारसे बोलत नाही. त्यांची सांगड घातली की बोलतो. अर्थशास्त्रात आपण तांदूळ, रॉकेल, कापड यांच्या सुट्या किमतींऐवजी किंमत निर्देशांक वापरतो, त्यातलाच हा प्रकार.

२००३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'एपीआरआय' हा निर्देशांक मांडला. रोग्याच्या एएसटीला त्या प्रयोगशाळेच्या सामान्य कमाल मर्यादेने भागावे, शंभराने गुणावे आणि हजारांत मोजलेल्या प्लेटलेटने पुन्हा भागावे. २००६ मध्ये 'फिब-४' आला: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट आणि एएलटीचे वर्गमूळ यांचा गुणाकार. गणित दहावीच्या विद्यार्थ्याला यावे इतके सोपे.

आता ती फाइल. आमच्या लिपिकांच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच्या अहवालात एएसटी ८० होते, सामान्य मर्यादा ४० होती, एएलटी ६४ होते आणि प्लेटलेट १ लाख २० हजार, म्हणजे सूत्रासाठी १२०. एपीआरआय निघतो सुमारे १.६७. फिब-४ साठी ४८ गुणिले ८० म्हणजे ३८४०. ६४ चे वर्गमूळ ८, त्याला १२० ने गुणले की ९६०. भागाकार बरोबर ४. फिब-४ ३.२५ च्या वर गेला की पुढच्या पायरीचे वण असण्याचा संभव मोठा मानतात आणि १.४५ च्या खाली असला तर तो कमी मानतात. चारही आकडे एकाच कागदावर छापलेले होते. त्यांच्यावर एक भागाकार करण्याचे काम कोणाचेच नव्हते. रक्ताच्या उलटीला तेव्हा चार वर्षे अवकाश होता. त्या चार वर्षांत विषाणू दाबणारी गोळी सुरू होऊ शकली असती आणि दुर्बिणीने तपासून त्या शिरा वेळीच बांधता आल्या असत्या.

रेषा कोठे आखायची?

या निर्देशांकांत एक प्रश्न वैद्यकाइतकाच धोरणाचा आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'बी' च्या रोग्यात सिरॉसिस ओळखण्यासाठी एपीआरआयची रेषा २ वर आखली. या रेषेवर जे सापडत त्यांच्याविषयी बरीच खात्री असे. पण सिरॉसिस असूनही पुष्कळ जण रेषेखालीच राहत. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ही रेषा १ वर आणली गेली आणि लक्षणीय वणांसाठी ०.५ ची रेषा दिली गेली. आमच्या लिपिकांचा १.६७ हा आकडा २०१५ च्या रेषेखाली पडतो आणि २०२४ च्या रेषेवर येतो. माणूस तोच, रक्त तेच, यकृत तेच.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हापासून दारिद्र्यरेषा कोठे असावी हा वाद आपल्याला ठाऊक आहे. रेषा अलीकडे-पलीकडे सरकली की कोट्यवधी माणसे कागदावर गरीब ठरतात किंवा गरीब नसतात. वणांच्या रेषेचेही तसेच आहे. रेषा उंच ठेवली तर औषध वाया जात नाही, पण रोगी सुटतात. खाली आणली तर रोगी सापडतात, पण ज्यांना वण नाहीत असेही काही जण ओढले जातात. कोणती चूक पत्करायची हे औषधाच्या किमतीवर आणि त्याच्या सुरक्षिततेवर अवलंबून असते. भारतीय कारखान्यांनी टेनोफोव्हिर स्वस्त केले आहे आणि ते बहुतेकांना सोसते. म्हणून रेषा खाली आणणे शहाणपणाचे ठरते. गोळी महाग असती तर कदाचित असे म्हणता आले नसते.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हे निर्देशांक विषाणू आहे की नाही हे सांगत नाहीत. त्यासाठी 'बी' आणि 'सी' ची स्वतंत्र रक्ततपासणी आधी व्हावी लागते. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात आणि एएसटी वाढते, तेव्हा पावसाळ्यात तापाच्या रोग्याच्या रक्तावरून हा हिशेब केला तर निष्कर्ष फसवा निघेल. दारूने एएसटी वाढते. फिब-४ मध्ये वय गुणले जात असल्याने तरुणांत तो कमी आणि वृद्धांत जास्त निघण्याकडे झुकतो. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात सापडणाऱ्यांविषयी तो निश्चित काहीच सांगत नाही. आणि खालचा आकडा आला म्हणून 'बी' चा रोगी मोकळा झाला असेही नाही. विषाणूचे प्रमाण व इतर गोष्टी पाहून त्याला औषध लागू शकते. म्हणून हा आकडा निवाडा नव्हे. पुढे कोणाला आधी पाठवायचे हे सांगणारी ती चाळणी आहे, आणि चाळणीचे काम तिच्याकडून उत्तम होते.

ज्याला मालक नाही त्याला वाली नाही

मग हे साधन वापरात का नाही? माझ्या मते याचे उत्तर वैद्यकापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. २००१ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी पाच रक्तद्रव्यांवर आधारलेली 'फायब्रोटेस्ट' पुढे आणली. तिचे सूत्र स्वामित्वहक्काने बांधलेले आहे आणि हिशेबाचे शुल्क पडते. तिला विक्रेता आहे, म्हणून तिचा प्रचारही होतो. एपीआरआय आणि फिब-४ यांची सूत्रे मात्र प्रसिद्ध झाली त्या दिवसापासून सर्वांना खुली आहेत. एकाने वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही आणि कोणाला अडवताही येत नाही. पाठ्यपुस्तकात सार्वजनिक वस्तूची जी लक्षणे आपण विद्यार्थ्यांना लिहून देतो ती येथे तंतोतंत जुळतात. अशा वस्तूला बाजारात कोणी वाली नसतो. भागाकार विकायला कोणत्याही कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांच्या दारी जात नाही. बाजार जे काम करणार नाही ते शासनाने करायचे असते, एवढे तत्त्व तरी सर्व पक्षांच्या अर्थतज्ज्ञांना मान्य असावे.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात 'बी' आणि 'सी' च्या तपासण्या व औषधे मोफत आहेत आणि २०३० पर्यंत 'सी' चे निर्मूलन हे उद्दिष्ट आहे. एपीआरआय आणि फिब-४ यांना त्या कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत स्थानही आहे. उणीव राहते ती सूचनापुस्तिका आणि गावचा दवाखाना यांच्यामधल्या अंतरात. ज्या डॉक्टरांपुढे सकाळच्या वेळात दीडशे रोगी रांगेत उभे आहेत त्यांनी वर्गमूळ काढत बसावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून सूचना साध्या आहेत. ज्याच्या रक्तात 'बी' किंवा 'सी' सापडला आहे त्याच्या एएसटी, एएलटी व प्लेटलेट यांच्या अहवालावर वयानुसार दोन्ही निर्देशांक यंत्रानेच छापून यावेत आणि शेजारी 'पुढील तपासणीस पाठवावे' अथवा 'पुन्हा तपासावे' असा मराठी शेरा असावा. सरकारी प्रयोगशाळांनी हे आधी करावे. खासगी त्यांच्या मागे येतील. रक्तपेढीत ज्याचे रक्त बाद होते त्या दात्याला फक्त निरोप न देता चिठ्ठी देऊन उपचार केंद्राकडे पाठवावे आणि तो पोहोचला की नाही याची नोंद ठेवावी. शिरवळ आणि लोणंदच्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांच्या नियमित तपासणीत, संबंधितांच्या संमतीने आणि पूर्ण गुप्तता राखून, या दोन विषाणूंची तपासणी जोडता येईल. गुप्तता हा येथे उपचार नव्हे. बाधा उघड झाली म्हणून नोकरी किंवा सोयरीक गेली तर उद्या कोणीही तपासणीला येणार नाही. एका ताटात जेवल्याने हे विषाणू पसरत नाहीत, हे शिक्षकांनी वर्गात आणि घरीही सांगितले पाहिजे.

यास खर्च नाही असा दावा मी करणार नाही. भागाकार फुकट आहे. पण त्याने जे रोगी पुढे येतील त्यांना सोनोग्राफी, तज्ज्ञ आणि अनेकांना आयुष्यभराची गोळी लागेल. जिल्हा रुग्णालयांवर भार वाढेल. परंतु तोच माणूस चार वर्षांनी रक्ताची उलटी घेऊन पुण्याच्या अतिदक्षता विभागात दाखल होतो तेव्हा त्या खर्चात जमीन गहाण पडते. तो खर्च सरकारी अंदाजपत्रकात दिसत नाही एवढेच.

आमचे ते सहकारी आज रोज एक गोळी घेतात, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात आणि जिना चढताना मध्ये थांबतात. त्यांनी थोरल्या मुलाचीही तपासणी करून घेतली. त्यालाही बाधा निघाली. पण त्याचा फिब-४ एकाच्या आसपास आला आहे. वय लहान असल्याने एवढ्यावर विसंबून राहू नये असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि तो नियमाने तपासणीला जातो. त्याच्यासाठी त्यांनी नवी फाइल घातली आहे. पहिल्याच पानावर त्यांनी दोन्ही सूत्रे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली आहेत.